कॉव्हेंट्रीतला सोमवार

एतिएन, परवा तुझ्या मृत्यूची नोंद करायला आम्ही कौन्सिलच्या ऑफिसात गेलो होतो. मी आणि तुझी मुलगी क्लेर. काउंटरमागची बाई भली होती, पण तिला पुढची अपॉइंटमेंट दिसत होती. कंप्युटरवरचा एकेक रकाना भरत, मान वर न करता ती विचारत गेली. पूर्ण नाव. जन्मगाव. शेवटचा पत्ता. मग म्हणाली, "ऑक्युपेशन?"

"ॲक्टर," क्लेर म्हणाली.

आता बाईनं वर पाहिलं. "रिटायर्ड?"

क्लेर माझ्याकडे वळली. तिला खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं ती तुझ्याशी बोलली नव्हती.

"नॉट रिटायर्ड," मी म्हणाले.

बाईनं तसं टाइप केलं. त्या कागदावर तू अजूनही नटच आहेस. पण मी अर्धंच खरं बोलले. तू आपण होऊन थांबला नव्हतास. तुला काढलं होतं. सव्वा वर्षापूर्वी, कॉव्हेंट्रीत, शूटिंग निम्मं झालेलं असताना, एका शनिवारी सकाळी. आणि काढायला लावणारी मी होते.

मंगळवारी तुझं क्रिमेशन आहे. क्लेरनं मला तिथं चार शब्द बोलायला सांगितलंय, इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळतील. सगळे म्हणजे सहा-सात जण. त्या चार शब्दांत यातलं काहीच बसणार नाही.

चार वर्षांपूर्वी तुझा पहिला फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. लंडनमधल्या हॅरोच्या लायब्ररीत मी कार्ड लावलं होतं, फ्रेंचच्या शिकवण्या, जीसीएसई आणि ए-लेव्हल या इथल्या शाळेच्या परीक्षांसाठी. तू फ्रेंचमध्येच सुरुवात केलीस. "मला फ्रेंच येतं. मला इंग्रजी हवंय. टीव्हीवर एका आजोबाचं काम मिळालंय, चार सीन आहेत. पाठ होत नाहीत." मी विचारलं, कोण बोलतंय. तू फक्त 'एतिएन' म्हणालास.

बुधवारी अकराला तू दारात उभा राहिलास आणि मी तुला ओळखलं. जाडा झाला होतास, दाढी पांढरी, कोटाचं एक बटण तुटलेलं. पण खालचा ओठ दातांत धरून उभं राहायची तीच पद्धत. पुण्यात मी वीस वर्षांची असताना, आमच्या फ्रेंचच्या क्लासमध्ये प्रोजेक्टरवर तुझा पहिला सिनेमा दाखवला होता. पंख्याच्या आवाजात निम्मे संवाद कळले नव्हते. शेवटची दहा मिनिटं तू नुसता टेबलाशी बसून पाव खातोस. बहीण गेलेली असते आणि घरात दुसरं काही खायला नसतं. मी घरी आले, आईनं विचारलं कसा होता सिनेमा, आणि मला काही सांगताच येईना. तोवर मी फ्रेंच मार्कांसाठी शिकत होते. त्या दिवसापासून त्या भाषेसाठी शिकायला लागले. पुढं मी जी काही झाले, तिथं शिकवलं, इथं येऊन शिकवलं, ते त्या पावाच्या तुकड्यांपासून सुरू झालं.

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. चार वर्षांत शंभर वेळा सांगता आलं असतं.

सांगितलं नाही, कारण लवकरच मला कळलं की त्या सिनेमाचं नाव काढणारी माणसं तुला नकोशी होती. आठवतंय, तुझ्या इथं राहायच्या परवानगीचं काहीतरी अडलं होतं म्हणून आपण क्रॉयडनला गेलो होतो. काम झालं आणि परत येताना ट्राममध्ये एक फ्रेंच बाई आपल्यासमोर बसली. तुझ्याच वयाची. दोन स्टॉप तिनं कसाबसा दम धरला, मग पुढं झुकून म्हणाली, "माफ करा, तुम्ही तेच ना?" तू इतक्या सभ्यपणे हसलास. "नाही हो. पण मला बरेच जण तसं म्हणतात." बाई ओशाळली. म्हणाली, "तो माणूस वारला असेल बहुतेक." तू म्हणालास, "हो, मीही तसंच ऐकलंय." उतरल्यावर तू प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलास आणि मी तुझ्या शेजारी फाइल धरून बसले. तुझे खांदे हलत होते. मला आधी वाटलं की तू हसतोयस.

पहिले सहा महिने मी तुला 'व्हू' म्हणत होते, म्हणजे आपलं तुम्ही. तू वैतागायचास. "मी काय तुझा हेडमास्तर आहे?" मी म्हणायचे, आमच्यात सतरा वर्षांनी मोठ्या माणसाला अरे-तुरे करत नाहीत. मग एकदा चिडून मी 'तू' म्हणून गेले आणि तू टेबलावर हात आपटून म्हणालास, "आता काम सुरू."

आपलं काम म्हणजे काय, तर मी समोरच्याचे संवाद वाचायचे आणि तू तुझे म्हणायचे. इंग्रजी तुझ्या तोंडात बसत नव्हतं. तुला 'ह' म्हणताच येत नव्हता. 'हाउस'चं आउस, 'हँड'चं अँड. तेव्हा मी मसाल्याचा डबा उघडून तुझ्यासमोर ठेवला. हळद म्हण. हिंग म्हण. तोंडासमोर तळहात धर, हातावर वारा लागला पाहिजे. एवढा मोठा नट माझ्या किचनमध्ये बसून तळहातावर हळद-हळद म्हणत होता आणि माझी मुलगी ईरा, तेव्हा अकरा वर्षांची, दारात उभी राहून बघत होती. तू गेल्यावर ती म्हणाली, "आई, तो फनी आहे, पण तो फार सॅड दिसते."

दुसऱ्या महिन्यात तू सांगितलंस. चहाचा कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "मी पितो. आज प्यायलो नाहीये. उद्याचं मला माहीत नाही." जेवणात काय चालत नाही ते सांगावं, इतक्या सरळपणे. मग आपण त्या चर्चच्या हॉलमधल्या मीटिंगांना जायला लागलो. दारू सोडलेल्यांच्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या. तू आत, मी बाहेर गाडीत वह्या तपासत. परतीच्या वाटेवर तू बोलायचास. तुझे वडील साखर कारखान्यात कामाला, तू एकोणिसाव्या वर्षी पावाची गाडी चालवायचास, तुमच्या गावात शूटिंगला आलेल्या एका दिग्दर्शकाला तू पाव पोचवायला गेलास आणि त्यानं तुला थांबवून घेतलं. वर्षभरात तुझा चेहरा देशभर भिंतींवर. "मला कुणी अभिनय शिकवला नाही," तू म्हणालास. "म्हणून मला कायम वाटायचं की उद्या सकाळी कळणार त्यांना. ते कळायच्या आत प्यायचो." पुढं एक सिनेमा तुझ्यामुळे बंद पडला, कारण तू नऊ दिवस कुणाला सापडलाच नाहीस. त्यानंतर विमा कंपन्या तुझं नाव पाहिलं की नकार द्यायच्या. नटाचा विमा उतरला नाही की त्याला घेऊन सिनेमा करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तुला कुणी वाईट नट म्हणालं नाही. तुझा फक्त विमा उतरेना.

आणि क्लेर. ते तू एकदाच सांगितलंस, खिडकीबाहेर बघत. ती एकवीस वर्षांची होती. तू तिला स्टेशनवरून आणायला गेला होतास आणि प्यायलेला होतास. तिनं विचारलं होतं, बाबा, तू ठीक आहेस ना. तू म्हणालास हो. गाडी शेताच्या दगडी कुंपणावर गेली. तिच्या भुवईला टाके पडले, बाकी काही झालं नाही. "बाकी काही झालं नाही," हे तू दोनदा म्हणालास. त्यानंतर ती तुझ्याशी बोलली नाही.

चौदा महिने तू प्यायला नाहीस. हे मला इथं ठामपणे लिहायचंय, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. चौदा महिने. पण ते सोपे नव्हते, आणि फक्त तुलाच नाही. तू तीन तीन दिवस दार उघडायचा नाहीस. खालच्या लाँड्रीवाल्या बाई मला फोन करायच्या. ईराच्या शाळेतल्या कॉन्सर्टच्या मधूनच मी एकदा उठून तुझ्याकडे आले. माझा नवरा समीर शांत माणूस आहे, तोही एकदा म्हणाला, "तू त्याची कोण आहेस, नक्की?" मी म्हणाले, "मी त्याला समोरचे संवाद वाचून दाखवते." समीर म्हणाला, "मग तेवढंच कर ना."

आणि मग कॉव्हेंट्रीचं काम आलं. छोटा सिनेमा, पण त्यात तू मुख्य. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा फ्रेंच माणूस, आणि त्याच्या घरी भाड्यानं राहायला आलेली एक मुलगी. निर्माती हेलन तुझ्यासाठी विमा कंपनीशी दोन महिने भांडली. त्यांनी शेवटी दोन अटी घातल्या. शूटिंगभर दारूचा थेंब नाही, आणि एक जबाबदार माणूस सतत सोबत. तो माणूस म्हणजे मी. मी शब्द दिला. सही केली.

पहिला आठवडा कसा होता, एतिएन. मी सेटवर कोपऱ्यात खुर्चीवर स्क्रिप्ट घेऊन बसायचे आणि कधी कधी पान उलटायचं विसरायचे. ती मुलगी, मेगन, पंचविशीतली, तुझ्यासमोर उभी राहिली की तिचंही काम सुधारायचं. तू तिला सांगायचास, "मला बघू नकोस, मला ऐक." थंडी कडाक्याची होती, म्हणून मी रोज सकाळी हॉटेलच्या किटलीत आल्याचा चहा करून माझ्या थर्मासमध्ये तुला द्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात क्लेरचं उत्तर आलं. तू तिला दर आठवड्याला लिहीत होतास हे मला माहीत होतं, ती वाचत होती हे तुलाही माहीत नव्हतं. एक ओळीचं उत्तर. "गुरुवारी येईन." तू तो फोन हेलनला दाखवलास, मेकअपवाल्या मुलीला दाखवलास, मला चार वेळा दाखवलास. गुरुवारी तू जेवला नाहीस. दर शॉटनंतर गेटपाशी जाऊन यायचास. साडेपाचला उजेड गेला, पॅक-अप झालं, आणि तू म्हणालास, "ट्रेन लेट असेल." मी म्हणाले, "असेल."

शुक्रवारी दोन शॉट्सच्या मध्ये मेगन गारठून आली आणि सहज तुझ्या हातातल्या थर्मासकडे हात केला. "कॅन आय?" तू थर्मास मागं ओढलास. झटकन, पोरकट. मेगनला वाटलं तू चेष्टा करतोयस. मला कळलं.

गाडीच्या मागं नेऊन मी तो थर्मास तुझ्याकडून घेतला आणि झाकण उघडलं. तुला काही विचारावं लागलं नाही. "काल एक पेला," तू म्हणालास. "आज थोडीशी. उद्या नाही. मला दोन दिवस दे. हेलनला सांगू नकोस. हे गेलं तर माझ्याकडे काही उरणार नाही, तुला माहितीये." मी म्हणाले, "नाही सांगणार." मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, एतिएन. तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

शनिवारी व्हॅनचा सीन होता. तू चालवणार, मेगन शेजारी, कालव्याच्या कडेचा रस्ता. हेलन नाश्त्याला माझ्यासमोर बसली. टोस्टला लोणी लावत म्हणाली, "इज ही ऑल राइट? ट्रुथफुली?"

मी सांगितलं. सगळं नाही, तीन वाक्यं. ती उठून गेली. तिचा टोस्ट प्लेटमध्ये तसाच होता.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आला, तपासणी झाली, विमा कंपनीला फोन गेला. दुपारी बाराच्या आत तू त्या सिनेमात नव्हतास. हॉटेलच्या लॉबीत तू बॅग घेऊन उभा होतास आणि मी तुझ्याजवळ आले.

"ती तुझ्या शेजारी बसणार होती," मी म्हणाले. "तूच मला क्लेरचं सांगितलं होतंस. तरीही मी गप्प बसायचं?"

"मी चालवणार नव्हतो. आज सकाळी मी हेलनला स्वतः सांगणार होतो. पाठीत दुखतंय म्हणणार होतो."

"मला कसं कळणार?"

"विचारायचं होतंस." मग तू खालचा ओठ दातांत धरलास, आणि अगदी हळू, न रागावता म्हणालास, "तू त्या मुलीसाठी सांगितलं नाहीस. तू मला कंटाळलीस. त्यात काही चूक नाही. पण तसं म्हण."

मी तसं म्हटलं नाही. मी म्हणाले, तू फार अन्याय करतोयस. मग टॅक्सी आली.

तू चालवणार होतास की नव्हतास, हे भांडण आता कुठं नेऊ मी? सव्वा वर्ष ते मी एकटीनं चालवलंय. अंघोळ करताना, ट्यूबमध्ये, पोळ्या लाटताना. कधी मी जिंकते. मेगन जिवंत आहे, हसतेय, काम करतेय, हे माझं शेवटचं वाक्य असतं. आणि मग तू तुझं म्हणतोस, आणि मी हरते. कारण हेलन उठून गेली तेव्हा, एतिएन, मला हायसं वाटलं होतं. भीती नंतर वाटली, वाईट नंतर वाटलं. आधी हायसं वाटलं, की आता हा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी प्रश्न झाला. तुला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. चेहरे वाचणं हाच तर तुझा धंदा होता.

ते शूटिंग दोन आठवडे थांबलं आणि दुसऱ्या नटाला घेऊन पुन्हा पहिल्यापासून झालं. सिनेमा लागला, चांगला चालला म्हणतात. मी पाहिलेला नाही.

मधल्या काळात आपण एकदा समोरासमोर आलो. तू बस स्टॉपवर होतास, केस मानेपर्यंत वाढलेले, पायात चपला, फेब्रुवारीत. मी भाजीच्या दुकानातून बाहेर पडत होते. तू मला पाहिलंस. हात थोडासा उचललास. आणि मी रस्ता ओलांडला. पलीकडे माझं काहीही काम नव्हतं. मेथीची जुडी हातात घेऊन मी दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवरून चालत राहिले आणि मागं वळून पाहिलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, समीरलाही नाही.

म्हणून आठवड्यापूर्वी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मला वाटलं की नंबर चुकला. "आर यू द सिस्टर?" नर्सनं विचारलं. तू फॉर्मवर माझं नाव आणि नंबर लिहिला होतास, आणि नात्याच्या जागी बहीण. वॉर्डच्या दारात त्या नर्सनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, सलवार-कमीज, कपाळावर टिकली. मग तुझ्याकडे पाहिलं. "सिस्टर," मी म्हणाले. तिनं मला आत सोडलं. समीरनं पूर्वी विचारलेल्या प्रश्नाला तू परस्पर उत्तर देऊन टाकलं होतंस, आणि मला ते घ्यायचीही लाज वाटत होती.

तुझं लिव्हर गेलं होतं. त्यानं डोक्यातही गोंधळ होतो, डॉक्टरांनी सांगितलं, ओळखतीलच असं नाही. पहिल्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस. कातडी पिवळी, पोट फुगलेलं, डोळे छताकडे. मी माफी मागायला गेले होते आणि तुझ्या पायांना क्रीम लावून परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू एकदम बोलायला लागलास. इंग्रजीत. मला आधी वाटलं बडबडतोयस. मग लक्षात आलं की हे संवाद आहेत. कॉव्हेंट्रीचा शेवटचा सीन, जो तुला कधीच करायला मिळाला नाही. मुलगी बॅग घेऊन दारात उभी आहे, म्हातारा मान वर न करता घड्याळाचं काम करतोय. "शट द डोअर, यू विल लेट द हीट आउट." आपण त्या एका वाक्यावर किती बुधवार घालवले होते. कायम 'ईट' म्हणायचास, आणि आपण हसायचो. आता तू 'हीट' म्हणालास. ह स्पष्ट होता.

मग तू थांबलास. वाट बघत राहिलास. पुढचं वाक्य मुलीचं होतं.

माझ्याजवळ स्क्रिप्ट नव्हती. पण मला येत होतं. मी म्हणाले, "आय ॲम नॉट कमिंग बॅक, यू नो." तू म्हणालास, "आय नो. शट इट एनिवे." पलीकडच्या बेडवरचे आजोबा टीव्हीचा आवाज बारीक करून आमच्याकडे बघत होते. आपण सीन शेवटपर्यंत नेला. एक शब्द चुकला नाहीस. संपल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, मला पाहिलंस की मेगनला, ते मला कळलं नाही, आणि फ्रेंचमध्ये म्हणालास, "पुन्हा घेऊया."

आपण पुन्हा घेतला. पाच वेळा घेतला. मधे मी एकदा माझं स्वतःचं वाक्य घुसवायचा प्रयत्न केला. एतिएन, मी कंटाळले होते, तू म्हणालास ते खरं होतं. तू भुवया आक्रसल्यास, स्क्रिप्टमध्ये नसलेलं काहीतरी कुणी बोलल्यासारख्या, आणि वाट बघत राहिलास. तेव्हा मी मुलीचं वाक्य म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये होते तेव्हा तू गेलास.

क्लेरचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता. मी फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख करून द्यायला लागले, तर तिनं मधेच तोडलं. "गेले का?" मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "मी उद्या येते."

ती तुझ्यासारखी दिसते. भुवईतून एक बारीक पांढरी रेघ गेलीये, केस पुढं घेऊन झाकते. कागदाचं काम उरकून परवा आम्ही तुझ्या फ्लॅटवर गेलो. आवरायला असं फार काही नव्हतंच. तिनं कपाट उघडलं, दोन शर्ट घडी करून ठेवले, मग तुझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मी आले होते. कॉव्हेंट्रीला. त्या गुरुवारी."

मी उभीच राहिले.

"स्टेशनवर उतरले. बाहेर टॅक्सी होत्या. मी स्टेशनातल्या कॅफेत बसले. दोन कॉफी घेतल्या. मग परतीची ट्रेन पकडली." तिनं शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "बाबा गाडीजवळ उभे असतील आणि मी विचारीन की ठीक आहेस ना, आणि ते हो म्हणतील, हेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. मला नाही जमलं."

खाली लाँड्रीची मशिनं फिरत होती, जमीन किंचित थरथरत होती.

"ते तिथं प्यायले आणि काम गेलं, एवढं मला नंतर कुठंतरी वाचायला मिळालं," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथं होतात. कधी प्यायला लागले ते? कुठल्या दिवशी?"

तुझ्याबाबतीत मला खरं काय ते दुसऱ्यांदा विचारलं जात होतं. पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं आणि तू संपलास. गुरुवारी संध्याकाळी, एतिएन. उजेड गेल्यावर. ट्रेन लेट असेल म्हणाल्यावर.

"सोमवारी," मी म्हणाले.

"त्या आठवड्यातल्या?"

"हो. तुमचं उत्तर यायच्याही आधी. मला सोमवारीच वास आला होता. मी बोलले नाही."

मी आयुष्यात कधी अभिनय केलेला नाही. नुसती समोरची वाक्यं वाचली, सपाट आवाजात, तुला तुझं म्हणता यावं म्हणून. त्या क्षणी मी तिच्याकडे सरळ बघत राहिले आणि पापणी हलू दिली नाही. तिनं माझा चेहरा नीट शोधला. मग तिचे खांदे खाली आले आणि ती त्या शर्टांत तोंड घालून रडली. मी तिच्या शेजारी बसले.

तर आता असं आहे. तुझ्या मुलीच्या लेखी तू तेरा महिने आणि काही दिवस न पिता राहिलास आणि मग, तिचं उत्तर यायची वाटही न बघता, एका सोमवारी घसरलास. तिनं काही मोडलं नाही. जे मोडलं ते तू मोडलंस. तुझे ते गुरुवारपर्यंतचे दिवस, तू दातओठ खाऊन काढलेले, मी काढून घेतले आणि तिला दिले. मंगळवारी मी सहा-सात लोकांसमोर इंग्रजीत उभी राहीन तेव्हाही हेच धरून बोलेन. फ्रेंचमध्ये क्लेरशी बोलतानाही. म्हणून खरं काय ते मी मराठीत लिहून ठेवतेय. ही भाषा तिला येत नाही, ईराला वाचता येत नाही. गुरुवारपर्यंत तू प्यायला नव्हतास.